कवेलू फुटलं नाही, मग घर गळतं कुठून?



मागच्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलाची गणिताची वही भिजून आली. कारण विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कवेलू तं एकबी फुटलं नाही, तरी कोपऱ्यातून पानी गळते." त्याच्या या वाक्यात एक अख्खा पाठ दडलेला आहे. तो आज समजून घेऊ.

गळतीची जागा कोणती?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात अनेक जुनी घरं काटकोनात वळलेली असतात. वळणावर दोन छतांचे उतार आतल्या बाजूला मिळतात आणि तिथे खोलगट रेघ तयार होते. तिला आपण 'आतला कोन' म्हणू. दोन्ही उतारांचं पाणी याच कोनात येतं.

मुलांना हिशोब करू द्या. 1 चौरस मीटरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. कोनाकडे वाहणारा भाग दोन्ही बाजूंना 10-10 चौरस मीटर असेल आणि 50 मिलीमीटर पाऊस पडला, तर त्या एका कोनातून 1000 लिटर पाणी जातं!

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. काटकोनात मिळणारी दोन्ही छतं 30 अंश उताराची असली, तरी आतल्या कोनाचा उतार सुमारे 22 अंशच असतो. उंची तेवढीच, पण तिरपं अंतर जास्त. म्हणजे पाणी दुप्पट आणि चाल हळू. पालापाचोळा इथेच अडकणार.

तिसरी गोष्ट कवेलूची. ज्याला आपण इंग्रजी कवेलू म्हणतो, ते बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखान्यात बनवायला सुरुवात केली. त्याच्या कडेच्या खाचा एकमेकींत बसतात, म्हणून पाणी आत येत नाही. पण आतल्या कोनात कवेलू तिरपं कापावं लागतं. खाच कापली गेली की ती पकडही गेली.

उघडा कोन की झाकलेला?

उघड्या कोनात खाली टिनाचा पत्रा टाकतात. दोन्हीकडची कवेलू मधली पट्टी मोकळी ठेवून कापतात, त्यामुळे पाणी पत्र्यावरून वाहताना दिसतं. झाकलेल्या कोनात दोन्हीकडची कवेलू एकमेकांना भिडवतात, पत्रा दिसत नाही. अमेरिकेत डांबरी शिंगलची छतं असतात. तिथे एका बाजूच्या शिंगल कोनावरून पलीकडे नेतात आणि दुसऱ्या बाजूच्या त्यावर कापून बसवतात. शिंगल लवचीक असल्यामुळे हे जमतं. दिसायलाही नीटनेटकं असतं.

आपलं कवेलू वाकत नाही. शिवाय घराशेजारी कडुलिंब किंवा मोह असतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडं पानं गाळतात आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीत ती सगळी कोनात येऊन बसतात. झाकलेल्या कोनात ती फटींत अडकतात, वरून दिसतही नाहीत. पाणी तुंबतं आणि कवेलूखाली शिरतं. म्हणून आपल्याकडे उघडा कोन बरा. जवळ झाड नाही, उतार चांगला आहे, खाली पत्राही आहे, तर झाकलेलाही चालेल.

उघडा कोन करताना

- पत्रा दोन्हीकडे कवेलूखाली वीतभर तरी जाऊ द्या आणि त्याच्या कडा वर दुमडा.
- मधली मोकळी पट्टी चार-सहा बोटं ठेवा, खाली वळचणीकडे थोडी रुंद करा.
- पत्र्याच्या मधोमध खिळा मारू नका. पाणी तिथूनच उतरेल.
- फट दिसली म्हणून सिमेंट भरू नका. उन्हाळ्यात ते तडकतं आणि पावसाळ्यात पाणी अडवतं.
- मृगाच्या आधी पाचोळा काढा. हे काम जाणकार माणसाचं. मुलांना छतावर अजिबात चढवू नका.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकची जुनी फाईल अर्धी उघडा आणि घडी खाली येईल अशी तिरपी धरा. घडी म्हणजे आतला कोन. दोन्ही बाजूंना पाणी ओता. आता घडीत कोरडी पानं चुरून टाका आणि पुन्हा ओता. मग घडीवर कागदाचे तुकडे एकमेकांवर चिकटवून तोच प्रयोग करा. पाणी कुठे अडलं, कुठून खाली शिरलं, हे मुलं आपणहून सांगतील.

त्या मुलाच्या घरी कोनातलं सिमेंट आणि पाचोळा काढून पत्रा टाकला. त्यानेच आजोबांना फाईलचा प्रयोग करून दाखवला होता. यंदा त्याची वही कोरडी आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलांना आज एवढंच विचारा: तुमच्या घराचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून उतरतं?