मुक्कामाच्या गाडींतील सामानाची रचना व बांधणी

आषाढी वारीचे दिवस जवळ आले, कीं आमच्या खटाव-माण भागांत गांवोगांवीं दिंडीच्या गाडीची बोलणीं सुरू होतात. पूर्वीं हें काम बैलगाडीकडे होतें. आतां तें पिकअपकडे आलें आहे. जी गाडी एरव्हीं बटाटा, कांदा, आलें किंवा दुधाचे कॅन वाहते, तीच तीन आठवडे तंबू, भांडीं, शिधा, अंथरुणें व पाणी वाहते. परंतु बाजाराचा माल भरणें आणि मुक्कामाचें सामान भरणें यांत मोठें अंतर आहे. बाजाराचा माल एकजात असतो. तो एकदां चढतो व एकदां उतरतो. मुक्कामाचें सामान नाना जातींचें असून तें रोज उतरवावें व रोज चढवावें लागतें. त्यामुळें पहिल्या दिवशीं नेटकी दिसणारी गाडी पांचव्या दिवशीं अस्ताव्यस्त होते, आणि अपघाताचें बीज तेथेंच पडतें. या कामाचे नियम थोडे व सोपे आहेत. त्यांचीं कारणें एकदां समजलीं, कीं ते विसरत नाहींत. म्हणून तीं कारणांसह येथें देत आहों.

सामानाची व्यवस्था हा वारीचा जुना विषय आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजची शिस्त लावणारे हैबतबाबा हे आपल्याच सातारा जिल्ह्यांतील आरफळचे. सोहळ्यांतील घोडे व तंबू यांची सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आहे. आळंदीहून निघालेला हा सोहळा नीरास्नानानंतर आपल्या जिल्ह्यांत येतो आणि लोणंद, तरडगांव, फलटण व बरड येथें मुक्काम करून नातेपुत्याकडे जातो. पायीं चालणारा वारकरी पोंचण्यापूर्वीं तंबू उभा असावा व चूल पेटलेली असावी, एवढ्यासाठीं सामानाच्या गाड्या पुढें जातात. गाडी पुन्हां भरावयाची ती पहांटेच्या घाईंत, पुष्कळदां भर पावसांत. घाई टळणार नाहीं, म्हणून रचना आधींच ठरलेली असली पाहिजे.

प्रथम वजन

सामान किती न्यावें हें हौद्याच्या उंचीवरून ठरवूं नये. गाडीच्या नोंदणी पुस्तकांत रिकाम्या गाडीचें वजन व भरलेल्या गाडीचें कमाल वजन, हे दोन्ही आंकडे लिहिलेले असतात. दुसऱ्यांतून पहिला वजा करावा. उरेल तेवढाच भार घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि त्यांत चालक व त्याचा सोबती यांचेंही वजन आलें. आपल्याकडील पिकअप गाड्यांची मर्यादा साधारणपणें सव्वा टनापासून पावणेदोन टनांपर्यंत असते. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या गाडीची पाऊण टनाच्या आसपास असते.

आतां चाळीस माणसांच्या दिंडीचा हिशेब मांडून पाहूं. दर माणशीं रोज ४०० ग्रॅम धान्य-डाळ धरल्यास वीस दिवसांचा शिधा ३२० किलो होतो. प्रत्येकाचें अंथरूण-कपडे ८ किलो धरल्यास तेंही ३२० किलो. तंबू, खांब व मेखा २५० किलो, भांडीं १०० किलो, गॅसचे चार भरलेले सिलिंडर सुमारे १२० किलो, आणि २०० लिटरचीं पाण्याचीं दोन पिंपें ४०० किलो. एकूण १,५१० किलो झाले. ज्या गाडीची मर्यादा १,३०० किलो आहे, तिच्यावर हा भार दोनशें किलोंहून अधिक होतो. पाहणाऱ्यास मात्र हौदा जेमतेम भरलेला दिसतो. येथें उपाय सोपा आहे. पिंपें रिकामीं न्यावीं व मुक्कामीं टँकरवर भरावीं. वाटेसाठीं वीस लिटरचे पांच कॅन पुरेत. एवढ्यानें ३०० किलो कमी होऊन भार १,२१० किलोंवर येतो. निघण्यापूर्वीं एकदां वजनकाट्यावर गाडी चढवावी. त्याला लागतात ते पैसे व्यर्थ जात नाहींत.

अर्धें भरलेलें पिंप तर कधींच नेऊं नये. वळणावर व ब्रेकच्या वेळीं आंतलें पाणी एका बाजूस धांवतें आणि गाडीस त्याच बाजूला ओढतें. पिंप एकतर कांठोकांठ भरलेलें असावें, नाहीं तर रिकामें.

भार कोठें ठेवावा

बैलगाडी भरणारास हें शिकवावें लागत नाहीं. आंसाच्या मागें भार गेला, कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें. आंसाच्या फार पुढें आला, तर बैलांच्या मानेवर बसतो. पिकअपलाही हाच न्याय लागू आहे. मागच्या चाकांच्या पलीकडे जड सामान ठेवलें, कीं पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि गाडी वळवण्याचें काम तर तींच चाकें करतात. ओल्या रस्त्यावर चक्र फिरवूनही गाडी सरळच जाते, तें यामुळें. म्हणून धान्याचीं पोतीं, भांड्यांच्या पेट्या व पाण्याचे कॅन हौद्याच्या तळाशीं, केबिनच्या भिंतीस टेकून, डाव्या-उजव्या बाजूंस समतोल ठेवावे. त्यांवर मध्यम वजनाचें सामान, आणि अगदीं वर अंथरुणें. जड वस्तु जितकी उंच, तितकी वळणावर गाडी कलण्याची भीति अधिक.

मधें फट राहूं देऊं नये. फट राहिली, कीं सामान हलूं लागतें. हलणारें सामान दोर घांसतें व ढिला करतें. वळकट्या व कपड्यांच्या पिशव्या अशा फटींत ठांसून भरण्यास उत्तम. तंबूचे खांब दोन्ही टोंकांस बांधून त्यांच्या मोळ्या कराव्या व हौद्याच्या बाजूंस लांबीनें निजवाव्या. केबिनच्या टपावरून ते पुढें काढूं नयेत. खांब हौद्याहून लांब असल्यास दोन तुकड्यांचे जोडखांब करून घ्यावे.

बांधणीचें मर्म

ब्रेक लावल्यावर चाकें थांबतात, गाडी थांबते. सामानास मात्र ब्रेक नसतो. तें आपल्या पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. युरोपांत मालाच्या बांधणीचें जें प्रमाण ठरविलें आहे त्याप्रमाणें, पुढच्या दिशेस मालाच्या वजनाच्या दहांत आठ हिस्से, आणि बाजूंस व मागें निम्मा, एवढा जोर बांधणीनें सोसला पाहिजे. म्हणजे ५०० किलोंचा ढीग जोराच्या ब्रेकला ४०० किलोंच्या जोरानें पुढें रेटतो.

हा जोर अडवितें कोण? थोडा भाग घर्षण अडवितें. गुळगुळीत, धुळकट पत्र्यावर हें घर्षण वजनाच्या पांचव्या हिश्श्याएवढेंच धरावें. म्हणजे १०० किलो. उरलेल्या ३०० किलोंसाठीं आपण ढिगावरून दोर टाकतों. दोर १०० किलोंच्या ताणानें आवळला, तर दोन्ही बाजू मिळून तो ढिगास २०० किलोंनीं दाबतो. पण त्या दाबाचाही पांचवा हिस्साच उपयोगी पडतो, म्हणजे ४० किलो. या हिशेबानें एका ढिगास सात-आठ दोर लागतील. एवढे कोणी बांधीत नाहीं, आणि मग ‘दोर बांधला असूनही सामान कसें सरकलें’ याचें नवल करीत बसतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, गोठ्यांत जनावरांखालीं घालतात तसली रबरी चटई हौद्यांत अंथरावी. रबरावर घर्षण वजनाच्या दहांत सहा हिस्से मिळतें. तोच ५०० किलोंचा ढीग चटईवर स्वतःच ३०० किलोंचा जोर अडवितो, आणि एक दोर आणखी १२० किलोंची भर घालतो. पत्र्यावर जें काम आठ दोर करतात, तें चटईवर एक दोर करतो. खड्ड्यांत सामान उसळतें म्हणून दोन बांधावे. चटई स्वच्छ मात्र असावी. वाळू वा शेण पसरलें, कीं गुण गेला. दुसरा उपाय, सामान केबिनच्या भिंतीस किंवा पुढच्या पोत्यांस भिडवूनच ठेवावें, म्हणजे पुढें सरकण्यास जागाच राहत नाहीं.

दोर जितका उभा उतरेल तितका तो अधिक दाबतो. हौद्याच्या तळाशीं तीस अंशांचा कोन करून तिरपा गेला, तर त्याचा दाब निम्माच राहतो. म्हणून ठेंगण्या सामानावरून रुंद दोर ताणण्यापेक्षां तें एकत्र उंच रचून बांधावें.

दोर व गांठी

सुती, काथ्याचे वा घायपाताचे दोर भिजले, कीं आखडतात व वाळले, कीं ढिले पडतात. आषाढाच्या ऊन-पावसांत यांवर विसंबूं नये. नायलॉनचा दोर बळकट खरा, पण ताणानें लांबतो. स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हानें कुजतो. बोट फिरवितांच भुसा निघूं लागला, तर तो टाकून द्यावा. आवळण्याची दांडी असलेले रॅचेट पट्टे मिळतात, ते या कामास सर्वांत चांगले; प्रत्येक पट्ट्यावर त्याची शक्ति छापलेली असते, ती पाहून घ्यावी. धारदार कोपऱ्यावरून पट्टा जात असेल, तेथें गोणपाटाची घडी घालावी. दोर हौद्याच्या कडीस बांधावा, फाळक्यास बांधूं नये. खिटी निसटली, तर फाळका व दोर दोन्ही एकदम सुटतात. गांठ ओढतांच सुटेल अशी, पण ओढल्यावांचून न सुटणारी असावी. नुसती निरगांठ मारली, तर पहांटेच्या अंधारांत ती विळ्यानें कापावी लागते व दोर रोज आंखूड होतो.

ताडपत्री ही पावसासाठीं आहे, बांधणीसाठीं नव्हे. आधीं सामान बांधावें, मग ताडपत्री टाकून ती निराळ्या दोरीनें बांधावी. पुढचा पदर मागच्या पदरावर यावा, म्हणजे वारा आंत शिरून ती फुगत नाहीं.

सिलिंडर

घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो व भरलेल्या सिलिंडराचें वजन ३० किलोंच्या आसपास भरतें. तो उभाच न्यावा. आडवा केल्यास पातळ वायु तोंडाशीं येतो आणि गळती झाल्यास ती फार मोठी होते. रेग्युलेटर काढून टोपण बसवावें, सिलिंडर खालीं व वर अशा दोन ठिकाणीं बांधावा. हा वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर खालीं सांचून राहतो. म्हणून सिलिंडर केबिनमध्यें किंवा सामानाच्या तळघरांत कोंडूं नये. हवा खेळेल अशा कडेच्या जागीं ठेवावा. रॉकेल-डिझेलचे कॅन त्याजवळ नसावेत, आणि शिध्याजवळही नसावेत.

ओझ्यावर माणूस बसवूं नये

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परतीच्या वेळीं थकलेल्या म्हाताऱ्या माणसांस अंथरुणांच्या ढिगावर बसवून आणण्याची चाल आहे. हेतु दयेचा असतो. परंतु वर हिशेबांत दाखविलेला जोर माणसासही लागू आहे, आणि माणसास आपण दोर बांधीत नाहीं.

यांत जीवाबरोबर जमिनीचाही प्रश्न आहे, हें आम्ही महसुली चाकरींत आयुष्य घालविल्यामुळें मुद्दाम सांगतों. मालवाहू गाडींत फुकट बसविलेल्या प्रवाशाच्या नुकसानभरपाईस विमा कंपनी जबाबदार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिला आहे. भरपाई मग गाडीच्या मालकावर येते; आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणें ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतां येते. जमीन महसुलाच्या थकबाकीस जमिनीची जप्ती व विक्री होते, हें खातेदारास सांगावयास नको. वाडवडिलांनीं राखलेली जमीन एका संध्याकाळच्या सोयीसाठीं अशी धोक्यांत घालूं नये. म्हाताऱ्यांस एस.टी.नें आणावें, तिकिटाचा खर्च दिंडीनें वर्गणींतून करावा.

याच कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, मर्यादेहून अधिक भार नेणारास २०,००० रुपये व अधिक असलेल्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड ठेविला आहे. हौद्याच्या बाहेर काढलेल्या सामानासही २०,००० रुपये दंड आहे.

क्रम, यादी व तपासणी

जें आधीं लागणार तें शेवटीं चढवावें. मुक्कामीं पोंचतांच ताडपत्री, तंबू, मेखा, घण व दिवा हवा; तें सर्व फाळक्याशीं असावें. त्यामागें शेगडी, भांडीं व त्या दिवसाचा शिधा. बाकीचीं पोतीं पुढें तळाशीं. जॅक, पान्हा व औषधांची पेटी हीं अशा जागीं असावीं, कीं एकही वळकटी न उचलतां हाताला लागावीं. निवडणुकीच्या पेट्या रवाना करतांना तालुक्याच्या कचेरींत यादीवर खूण झाल्यावांचून पेटी गाडींत चढत नसे. तीच रीत येथें ठेवावी: प्रत्येक नगावर रंगानें आंकडा घालावा, यादी केबिनमध्यें लावावी, आणि भरण्याचें काम दोन ठरलेल्या माणसांकडेच द्यावें. दहा जणांनीं मदत केली, तर गाडी लवकर भरते, पण कोणता दोर कोणीं बांधला हें कोणासच ठाऊक राहत नाहीं.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून प्रत्येक दोर हातानें ओढून पाहावा. तेवढ्या अंतरांत सामान बसतें व दोर ढिले होतात. शिधा रोज कमी होतो, म्हणून कालचा ताण आज राहत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. वर्धनगडसारखा घाट उतरण्यापूर्वीं पुन्हां एकदां पाहावें, कारण उतारावर सर्व भार पुढें झुकतो.

हे नियम दिंडीप्रमाणेंच पुसेगांवच्या यात्रेस किंवा दुष्काळांत चारा छावणीस जाणाऱ्या गाडीसही लागू आहेत. ज्या बंधूंच्या गाड्या यंदां दिंडीस जावयाच्या आहेत, त्यांनीं निघण्याच्या आठ दिवस आधीं आपल्या अंगणांत एकदां गाडी भरून, बांधून व उतरवून पाहावी. कोणता दोर अपुरा पडतो व कोणती वस्तु अधिक होते, हें त्या एका फेरींतच कळून येईल.