किंग्ज क्रॉसची दोन एकर दलदल

लंडनला गेलेली अनेक मराठी माणसे प्रिमरोज हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड हे घर आवर्जून पाहतात. १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत होते. त्याच टेकडीजवळून रीजन्ट्स कालवा जातो. पूर्वी घोडे ज्या वाटेवरून नावा ओढत नेत, त्या काठच्या वाटेने पूर्वेला निघावे. कॅमडेनची गर्दी मागे पडली, की सेंट पँक्रसच्या लॉकजवळ, म्हणजे कालव्यातल्या जलद्वाराजवळ, पलीकडच्या काठावर बोरू, वाळुंज आणि दाट झाडी दिसते. हेच किंग्ज क्रॉसचे कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क.

१८२०मध्ये कालवा टेम्सपर्यंत पोचला. पुढे रेल्वे आली आणि हा काठ कोळशाने काळवंडला. कोळशाचा धंदा संपल्यावर ओसाड पडलेल्या आगारात रानटी झाडोरा माजला. तिथे वाहनतळ करण्याचे घाटत होते. स्थानिक रहिवासी आणि निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला; ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८१मध्ये जागा घेतली. तळे खणले, कडेने बोरू आणि पाणकणीस लावले, आणि १९८५मध्ये उद्यान खुले झाले. लंडन वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतो.

पाणथळ एकदा केली की ती आपली आपण टिकते, असा समज आहे; पण तो खरा नाही. मोठ्या नदीकाठी जुनी पाणथळ बुजली, तरी पुराला नवी डबकी, नव्या दलदली घडवायला जागा असते. दोन एकरांत ती कुठून येणार? बोरूची पाने दरवर्षी कुजून तळाशी साचतात, गाळ वर येतो, पाणी उथळ होते. मग वाळुंज मूळ धरतो आणि काही वर्षांत तळ्याच्या जागी झाडी उभी राहते. म्हणून पक्षी घरटी बांधू लागण्याआधी, हिवाळ्यात बोरू कापावा लागतो. सगळा एकदम कापून चालत नाही. आसऱ्याला काही भाग राखावा लागतो. कापलेला बोरू पाण्याबाहेर काढणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तो तिथेच कुजला तर कापण्याला अर्थच उरत नाही. गार चिखलात उतरून केलेल्या या कामाला मी तळे खणण्याइतकेच मोल देतो. त्यातून मोकळ्या झालेल्या पाण्यात बेडूक अंडी घालतात, चतुर आणि टाचण्या वाढतात. वारकरी आणि पाणकोंबडी इथे दिसतात. नशीब असेल तर खंड्याही.

भोवती आता काचेच्या इमारती आहेत. २०१७पासून पलीकडच्या काठाशी जोडणारा पादचारी पूल आहे. नव्या अभ्यागत केंद्राच्या बांधकामासाठी काही वर्षे बंद असलेले उद्यान २०२१मध्ये पुन्हा उघडले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.