पेट्रोल मोटारीतील इंधनबाष्पाची सूक्ष्म गळती : स्वरूप व शोधपद्धती

प्रस्तावना
वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. रामनवमीच्या यात्रेस येणारी अनेक वाहने चैत्रातील उन्हात तासन्‌तास उघड्यावर उभी असतात. इंजिन बंद असलेली मोटार प्रदूषण करीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते आणि यंत्रणेत छिद्र असल्यास ती हवेत मिसळते. या वाफेतील बेंझिन कर्करोगकारक आहे. इतर हायड्रोकार्बनांपासून नायट्रोजन ऑक्साइडांच्या सान्निध्यात व सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होतो. पीयूसी चाचणीत मात्र केवळ सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू मोजले जातात. त्यामुळे वैध प्रमाणपत्र असलेल्या मोटारीतूनही वाफ गळत असू शकते.

यंत्रणेची रचना
टाकीतील वाफ नळीवाटे कॅनिस्टरमध्ये जाते व तेथील सक्रिय कोळशावर धरून ठेवली जाते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, ताजी हवा कोळशातून ओढली जाते आणि ही वाफ इंजिनात जळते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार बंद कक्षातील चाचणीत बाष्प-उत्सर्जनाची मर्यादा २ ग्रॅम आहे. परंतु ही चाचणी वाहनाच्या प्रकारास मान्यता देताना होते. वापरातील प्रत्येक मोटारीची होत नाही. अमेरिकेत मोटारीच्या संगणकाने सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाचे छिद्रही ओळखावे, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे असा इशारा मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

शोधपद्धती
१) निरीक्षण : टाकीच्या झाकणाचे रबर प्रथम तपासावे. त्यानंतर नळ्यांचे सांधे, कडक झालेले रबर व कॅनिस्टरवरील तडे पाहावेत.
२) दाबचाचणी : पर्ज व्हॉल्व्ह व हवेचे तोंड बंद करून यंत्रणेत नायट्रोजन सोडावा. दाब अर्ध्या पीएसआयपेक्षा अधिक नसावा. टायरमध्ये साधारण ३० पीएसआय दाब असतो, यावरून तो किती अल्प आहे हे लक्षात येईल. दाब सतत उतरत गेल्यास गळती संभवते.
३) धूरचाचणी : विशेष यंत्रात खनिज तेल तापवून केलेला धूर नायट्रोजनबरोबर सोडतात व विजेरीच्या प्रकाशात तो कोठून निघतो ते पाहतात. सांध्यांवर साबणाचे पाणी लावूनही बुडबुड्यांवरून छिद्र सापडते.

दक्षता
उन्हात तापलेल्या मोटारीची दाबचाचणी फसवी ठरते. पेट्रोलची नवी वाफ दाब वाढवते व गळती झाकली जाते. उलट टाकी थंड होत असता दाब उतरून नसलेली गळती भासते. म्हणून मोटार रात्रभर सावलीत ठेवून पहाटे, टाकी साधारण अर्धी भरलेली असताना चाचणी करावी. टाकीत कॉम्प्रेसरची हवा सोडू नये. वाफ व प्राणवायू यांचे मिश्रण स्फोटक होऊ शकते.

निष्कर्ष
सूक्ष्म गळती डोळ्यांना दिसत नाही, इंजिनाच्या चालण्यातही सहसा जाणवत नाही. म्हणून पेट्रोलचा वास हीच मालकासाठी पहिली सूचना मानावी. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरू नये, कारण ते कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी करते. झाकणाचे झिजलेले रबर वेळीच बदलणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय होय.