हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बँकांपुढे म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. निवृत्तिवेतन चालू राहायचे तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगावे लागते. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावरही देता येतो. पण आयुष्यभर झाडू, घमेले, फावडे धरून ज्यांची बोटे झिजली, त्यांचा ठसा यंत्र सहजी ओळखत नाही.

अशाच एका रांगेत आम्हाला एक निवृत्त सफाई कामगार भेटले. चौथ्यांदा अंगठा टेकवत ते हसून म्हणाले, ‘‘बाळा, वर्षातून एकदा हे यंत्र तरी विचारते, आहेस का म्हणून. घरात कोण विचारतो?’’ घरी मुलगा आहे, सून आहे, नातवंडे आहेत. ताट वेळेवर मिळते. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. फक्त त्यांच्याशी कोणी बोलत नाही. त्यांचे ते हसू आम्हाला रडण्याहून जड गेले.

घरात माणसे नसली म्हणजेच माणूस एकटा, हा आपला गैरसमज आहे. भरल्या घरातही म्हातारा माणूस एकटा असतो. कान मंदावले की आधी आपण ओरडून बोलतो, मग बोलणेच सोडून देतो. गुडघे गेले की त्यांचे बाहेर जाणे थांबते. मत दिले तर ‘तुम्हाला काय कळतंय, गप्प बसा’ म्हणतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतकी घोटली आहे की म्हातारी माणसेही ती खरी मानू लागली आहेत. विधवा आजीची दशा तर याहून वाईट.

हा केवळ मनाचा खेळ नव्हे. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले. आईबापांना सांभाळण्याचा कायदा आपल्याकडे २००७ सालीच झाला. त्यांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरला. पण न्यायाधिकरण पोटगी देईल. दोन शब्द बोलायला कोणाला पाठवणार?

ते काम आपले आहे. ज्यांनी आपल्याला पोसले त्यांना आता आपण पोसावे, हे कर्तव्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मुलांच्या विनयात घातले आहे. पोसणे म्हणजे नुसते ताट वाढणे नव्हे. १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेले पोर आज सत्तरी ओलांडून कोपऱ्यात बसले आहे. त्याने पाहिलेले कोणी लिहून घेतले का? दर रविवारी विहारात एका ज्येष्ठाने अर्धा तास बोलावे, शाळकरी पोरांनी ते वहीत उतरवावे. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

बांधवांनो, सरकार हयातीचा दाखला वर्षातून एकदा मागते. आपण तो रोज मागू या. संध्याकाळी घरी गेल्यावर मोबाइल बाजूला ठेवा, त्यांच्या खाटेवर बसा आणि विचारा, ‘‘बाबा, आज दिवस कसा गेला?’’ आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.