महर हे कर्ज आहे, ते लिहून ठेवा

तलाक झाला की माहेरची माणसे सर्वांत आधी घराचे विचारतात. "जावयाच्या घरात, शेतात आमच्या मुलीचा अर्धा हिस्सा लागतो ना?" साताऱ्यात, कराडला, मिरजेला, सांगलीत हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. उत्तर कडू आहे, पण आधीच सांगितलेले बरे. हिस्सा लागत नाही.

शरीअतीत नवऱ्याची मिळकत नवऱ्याची आणि बायकोची बायकोची. निकाहने संसार एक होतो, सातबारा एक होत नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथे वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात तसे नाही. कागदावर जेवढे तिचे नाव, तेवढाच तिचा हक्क. वारशाचेही तसेच. नवरा वारला तर विधवेला मुले असल्यास आठवा आणि नसल्यास चौथा हिस्सा मिळतो. तलाक होऊन इद्दत पुरी झाली की हा हक्क संपतो. मुलांचा मात्र संपत नाही. आई माहेरी राहते म्हणून बापाच्या वारसांतून मुलांची नावे गाळता येत नाहीत.

पण त्याआधी एक गोष्ट तपासावी. तलाक खरोखर झाला आहे का? एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक २०१७ पासून रद्द आहे आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. नवऱ्याने "मी तलाक दिला" एवढे म्हणून भागत नाही. त्यामागे कारण होते, समेटाचा प्रयत्न झाला होता, हे त्याने सिद्ध केले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने २००२ मध्येच सांगितले आहे. ते सिद्ध होईपर्यंत ती बायकोच असते आणि बायकोचे सगळे हक्क तिला असतात.

तलाक झालाच असेल, तर मग तिच्या हाती काय राहते? १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याचे कलम ३ वाचावे. पहिला हक्क इद्दतीच्या खर्चाचा आणि पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतुदीचा. दुसरा, तिच्याजवळ असलेल्या लहानग्यांसाठी जन्मापासून दोन वर्षांच्या खर्चाचा. (त्यापुढेही मुलांना पोसण्याची बापाची जबाबदारी सुटत नाही.) तिसरा, ठरलेल्या महरचा. चौथा हक्क आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी तिला दिलेली प्रत्येक चीज तिची आहे. दागिने, भांडी, कपाट, शिलाई मशीन, रोख रक्कम, सगळे. नवरा देत नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

तरतूद म्हणजे तीन महिन्यांचा किराणा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सांगितले, की नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची सोय करायची आहे, फक्त ती इद्दतीच्या आत करून द्यायची आहे. चिपळूणचे एक प्रकरण पाहा. सौदीत कामाला असलेल्या नवऱ्याने २००८ मध्ये रजिस्टर पोस्टाने तलाक पाठवला. २०१४ मध्ये चिपळूणच्या न्यायालयाने तिला ४ लाख ३२ हजार मंजूर केले. खेडच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये ते ९ लाख केले. मधल्या काळात तिने दुसरा निकाह केला, म्हणून आता काही देणे लागत नाही, असे नवऱ्याचे म्हणणे पडले. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. हा हक्क तलाकच्या दिवशीच पक्का होतो, पुढच्या निकाहने तो जात नाही. त्याच वर्षी १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला पोटगीच्या सर्वसाधारण कायद्याखालीही दाद मागता येते.

चौथ्या हक्काचा मोठा निकाल २ डिसेंबर २०२५ चा. पश्चिम बंगालमधील या जोडप्याचे लग्न २००५ चे, तलाक २०११ चा. वडिलांनी लग्नात दिलेले ७ लाख रुपये आणि ३० भरी सोने (भरी म्हणजे सुमारे तोळा) मुलीने परत मागितले. उच्च न्यायालयात ती हरली, सर्वोच्च न्यायालयात जिंकली. सारा वाद विवाहाच्या नोंदवहीतील मजकुरावर आणि काझींच्या साक्षीवर फिरला. निकाहच्या दिवशी लिहिलेल्या दोन ओळींचा अर्थ लावता लावता तलाकनंतर चौदा वर्षे गेली.

आपल्या घरांत त्या दोन ओळीसुद्धा नसतात. महर कुठे ७८६ रुपये, कुठे पाच हजार. "द्यायचा कुणाला असतो," असे म्हणत आकडा घातला जातो. मग नवरा वारला की जनाजा दारात असताना बायकोला महर माफ करायला लावतात. सूरह अन-निसामध्ये महर खुशीने देण्याचा हुकूम आहे आणि बायकोने स्वखुशीने सोडला तरच तो घेता येतो. चार माणसांसमोर रडत्या बाईच्या तोंडून काढलेला शब्द खुशीचा कसा? त्याच सूरहमध्ये, ढीगभर दिलेले असले तरी त्यातले काही परत घेऊ नका, असे बजावले आहे. महर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, आणि कर्ज साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवा, अशी सूरह अल-बकराची शिकवण आहे. दुकानाची उधारी आपण वहीत लिहितो. मुलीचे कर्ज तोंडी का ठेवायचे?

म्हणून निकाह ठरवतानाच इतके करावे. महरचा आकडा मुलाच्या ऐपतीला शोभेल असा ठरवावा. त्यातला किती रोख दिला, किती बाकी राहिला, हे निकाहनाम्यात स्वच्छ लिहावे. दागिन्यांची यादी वजनासह करून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात आणि "मुलीला दिले" हे शब्द त्यात असावेत. सराफाच्या पावत्या मुलीच्या नावावर घ्याव्यात. निकाहनाम्याची एक प्रत माहेरी ठेवावी. मुलीच्या कमाईतून किंवा माहेरच्या पैशातून घर, प्लॉट घेतला तर खरेदीखतावर तिचे नाव हवेच. तलाक किंवा खुलाच्या वेळी "सर्व मिळाले, हक्क राहिला नाही" अशा स्टॅम्पपेपरवर, हातात पडल्याशिवाय सही करू नये. महरसाठी दिवाणी दावा लावायचा तर मुदत साधारण तीन वर्षांची असते, हेही ध्यानात ठेवावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तिथे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठही कोल्हापुरात बसते, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

यादी करायला सांगितले की वरपक्ष रागावेल, अशी भीती मुलीच्या बापाला वाटते. जो महर द्यायची नियत ठेवतो, त्याला तो लिहून द्यायला जड जात नाही. ज्याला जड जाते, त्याच्या घरी मुलगी देण्याआधी बापाने पुन्हा एकदा विचार करावा.