हसू एकाचं, पैसा तिघांचा

बेल्जियम किंवा क्वेबेकमधल्या स्वतंत्र फ्रेंचभाषी निर्मात्याची घरची बाजारपेठ तोकडी. त्यामुळे मालिका कागदावर असतानाच भागीदार शोधावा लागतो. फ्रान्समधल्या लील शहरातला ‘सेरी मानिया’ महोत्सव त्यासाठीचा एक मोठा बाजार.

विनोदी मालिकेचं घोडं मात्र अडतं. खून कुठेही कळतो, कोपरखळी कळेलच असं नाही.

‘पार्लमां’ या मालिकेनं (2020) यावर झकास तोड काढली. ब्रेक्झिटच्या कौलानंतर ब्रसेल्सला आलेला सामी हा युरोपीय संसदेतला बावचळलेला तरुण सहायक. त्याच्या गळ्यात पडलेली कायद्यातली दुरुस्ती शार्कचे पर कापण्यावरची. पात्रं फ्रेंच, इंग्रजी, जर्मन बोलतात आणि गोंधळ त्यातूनच उडतो. निर्मातेही तीन देशांचे: फ्रान्सची सिनेतेवे, बेल्जियमची आर्तेमिस, जर्मनीची सिनेसेंट्रम.

बेल्जियमला भागीदार करण्यामागे अनेकदा हिशेब असतो. 2003 पासून तिथल्या कंपन्यांना निर्मितीत पैसा घातल्यास करसवलत मिळते. बदल्यात ठरावीक खर्च बेल्जियममध्येच करावा लागतो.

भागीदारी नको तर साचा विका. क्वेबेकची ‘अं गा, यून फी’ (1997) दोन वर्षांत फ्रान्समध्ये नव्यानं बनली. त्या फ्रेंच आवृत्तीचा नायक झां दुजार्दँ पुढे 2012 मध्ये ऑस्कर घेऊन गेला.