कामावरून सुटल्यानंतरची पाळी

आमच्या संघटनेच्या सभा रात्री नऊला सुरू होतील, असे पत्रकात छापलेले असते. प्रत्यक्षात त्या साडेनवाला सुरू होतात आणि बाराच्या आत क्वचितच आटोपतात. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अशाच एका सभेतून एक तरुण सभासद सव्वाअकराला उठून चालता झाला. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस आम्ही त्याला दारातच अडवले. तो म्हणाला, "काका, साडेअकराला रेड आहे. मी गेलो नाही तर एकोणीस माणसं खोळंबतील." रेड म्हटल्यावर आमच्यासारख्यांना एक तर पोलिसांची धाड आठवते, नाही तर कबड्डीतली चढाई. हे तिसरेच काही निघाले. तो जावयाचा होता संगणकावरच्या एका खेळाला, आणि ती एकोणीस माणसे पोलंड, जर्मनी, पोर्तुगाल अशा देशांत आपापल्या घरी बसलेली होती.

आम्ही रागावलो, हे कबूल केले पाहिजे. मागणीपत्रकावर चर्चा चाललेली असताना ज्याच्यासाठी ती चालली आहे तोच खेळायला पळतो, याचा राग कोणत्याही कार्यकर्त्याला येईल. पण राग ओसरल्यावर एक प्रश्न मनात राहिला. हा मुलगा दुपारी बारा ते रात्री नऊ एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकतो. दमून बाहेर पडतो. आणि मग ठरलेल्या वेळी, कोणाच्या तरी हुकमाखाली, पुन्हा तीन तास हजर होतो. दमलेल्या माणसाने विसावा घ्यावा. हा दुसऱ्या पाळीला का जातो?

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा दूर केलेला बरा. पैसे लावून खेळावयाचे जे ऑनलाइन पत्ते नि पैजा आहेत, त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. त्या जुगाराने घरे बसली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली. आमच्या सभासदाच्या खेळात बक्षीस म्हणून रुपया मिळत नाही. उलट तोच दरमहा वर्गणी भरतो.

या खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने तो २००४ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आणला. अमेरिकेत त्याची वर्गणी महिना १४.९९ डॉलर. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली होती. पुढे ती बरीच उतरली, तरी खेळ अद्याप चालू आहे. हा एकट्याने खेळून संपवावयाचा डाव नव्हे. ते एक कल्पित जग आहे. राक्षस, जादूगार, किल्ले, जंगले यांचे. खेळणारा त्यात एक पात्र घेऊन शिरतो आणि ते पात्र वर्षानुवर्षे वाढवतो. आपण घरी झोपलो तरी ते जग चालूच असते.

आम्ही एका रात्री त्या मुलाच्या खोलीवर जाऊन त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. लढाई दिसेल अशी अपेक्षा होती. पहिला अर्धा तास दिसले ते निराळेच. त्याने जंगलात जाऊन औषधी मुळ्या खुडल्या. त्यांची औषधे केली. काही बाजारात लिलावाला लावली, भाव पाहिला, उतरला म्हणून परत काढून घेतली. मागच्या लढाईत मोडलेले चिलखत पैसे देऊन दुरुस्त करून आणले. या खेळात खाणकाम आहे, लोहारकाम आहे, शिवणकाम आहे, मासेमारीसुद्धा आहे. आणि २००७ पासून 'रोजची कामे' म्हणून एक प्रकार आहे, तीच कामे दररोज नव्याने करावयाची. आम्ही म्हटले, "अरे, हे तर कारखान्यातल्यासारखंच झालं." तो हसला. "काका, इथं काम केलं की काय मिळालं ते लगेच दिसतं."

हे त्याचे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्याच्या कचेरीत प्रत्येक फोन सेकंदात मोजला जातो. बोलावयाची वाक्ये लिहून दिलेली असतात. लघवीला गेल्याची मिनिटे नोंदली जातात. वर्षअखेर जो शेरा मिळतो तो कशावरून मिळाला, हे वरिष्ठ सांगत नाहीत. शंभरांतल्या अमुक जणांनाच चांगला शेरा द्यावयाचा असे आधीच ठरलेले असते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. खेळातही मोजमाप आहे, आणि ते कचेरीपेक्षा कडक आहे. कोणी किती घाव घातले, कोण कोणत्या क्षणी चुकीच्या जागी उभा होता, याची नोंद लढाई संपताच तयार होते. परंतु ती नोंद सगळ्या वीस जणांना दिसते, पुढाऱ्याचीही दिसते. नियम आधी माहीत असतात. रोजंदारीवरचा माणूस मोजमापाला भीत नाही, गुपचूप मोजण्याला भितो. हे आम्ही तीस वर्षे वाटाघाटींत पाहात आलो आहो.

आता त्या 'रेड'विषयी. ही चढाई एकट्याचे काम नाही. पहिल्या वर्षांत तिला चाळीस माणसे लागत. आज सर्वांत अवघड चढाईला नेमकी वीस लागतात. त्यांत कामाची वाटणी असते. एकदोघे ढालीसारखे पुढे उभे राहून राक्षसाचा मार अंगावर घेतात, काही जण वैद्य होऊन जखमा भरत राहतात, उरलेले प्रहार करतात. एकाने हलगर्जी केली की सगळे मरतात आणि पहिल्यापासून आरंभ. आम्ही पाहिले त्या रात्री ते एकाच राक्षसाकडून अकरा वेळा मेले. कोणी उठून गेले नाही. आमचा मुलगा वैद्य होता. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाणाऱ्याने वैद्याचे काम पत्करावे, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

अशा माणसांच्या कायम जमावाला 'गिल्ड' म्हणतात. शब्द जुना आहे. युरोपातल्या कारागिरांच्या संघांचा. आपल्याकडे त्याला श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना एक टक्का व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. म्हणजे राजाच्या जावयाने पैसा विश्वासाने ठेवावा, एवढी त्या विणकरांची पत होती. असो. खेळातल्या गिल्डलाही पुढारी असतो, पोटनियम असतात, सामाईक कोठार असते, हजेरी असते.

आणि भांडणे असतात! चाळीस माणसांनी मिळून राक्षस मारला तर हाती लागते काय? दोनचार वस्तू. त्या कोणाला द्यावयाच्या? कंपनीने याचा निवाडा केलेला नव्हता. तो खेळणाऱ्यांनी स्वतः बसवला, आणि तोही या खेळाच्या आधी, १९९९ साली निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या खेळात. रीत अशी: चढाईला हजर राहिल्याचे गुण मिळतात, वेळेवर आल्याचे मिळतात, वस्तू निघाली की साठलेले गुण खर्चून ती घ्यावयाची. ज्याने अधिक रात्री खपल्या त्याचा हक्क आधी. मग वाद उत्पन्न झाला की, जुना पण मंद खेळाडू नव्या चलाख खेळाडूच्या पुढे का असावा? काही गिल्डांनी गुण मोडीत काढून वाटपासाठी पंचमंडळ नेमले. पंचांवर वशिल्याचा आरोप झाला. मंडळी फुटून नवे गिल्ड काढती झाली. ज्येष्ठता की कर्तबगारी, हजेरी की उत्पादन, ठरलेला नियम की पंचांची मर्जी, हा सारा वाद आम्ही बोनसच्या प्रत्येक वाटाघाटीत केला आहे. आणि येथे तो कोवळी पोरे, कोणी न शिकवता, मध्यरात्री करीत होती. आमच्या अभ्यासवर्गांना न येणारी हीच पोरे!

कंपनीही काही बाबतींत मोठी चतुर. खेळ बाजारात येण्यापूर्वी चाचणी चालली असताना त्यात थकव्याचा नियम होता: फार वेळ खेळले की मिळकत निम्मी व्हावयाची. लोक चिडले. तेव्हा कंपनीने आकडे जवळजवळ तेच ठेवले आणि नावे बदलली. पूर्वीच्या पूर्ण मिळकतीला 'विश्रांती घेतलेल्याची दुप्पट' म्हटले, आणि निम्मीला 'नेहमीची' म्हटले. लोक खूश झाले. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात खाड्याची कपात काढून टाकून हजेरी भत्ता आला, तेव्हा आम्हीही हार घातले होते; हिशेब पुढे केव्हा तरी केला.

हा एकट्या आमच्या मुलाचा नाद नव्हे. निक यी या संशोधकाने अशा खेळांतल्या हजारो खेळाडूंची पाहणी केली. त्यात सरासरी वय सव्वीसच्या आसपास निघाले, आठवड्याचा खेळ सरासरी वीसबावीस तास, आणि खेळणारांत निम्मे पूर्णवेळ नोकरी करणारे. शाळकरी पोरांचा उद्योग ही समजूत त्यामुळे टिकत नाही. २००६ साली त्याने लिहिलेल्या निबंधाचा विषयच असा की, हे खेळ माणसाला कामाचे वळण लावतात, आणि खेळणारे स्वतःच पुष्कळदा म्हणतात की ही दुसरी नोकरी झाली.

चीनमध्ये तर ती खरोखरीच नोकरी झाली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने २००७ साली नानजिंग येथील अशा कारखान्यांचे वर्णन अमेरिकन वृत्तपत्रात केले. तेथील तरुण बारा-बारा तासांच्या पाळीत हाच खेळ खेळून त्यातले कल्पित सोने मिळवीत. मालक ते विकत असे आणि पाश्चात्त्य खेळाडू खऱ्या डॉलरने विकत घेत. कामगाराच्या हातात तासाला पडत सुमारे तीस सेंट. आणि डिबेलने नोंदवलेली जी गोष्ट आम्हांला विसरता येत नाही ती अशी की, पाळी संपल्यावर यांतले कित्येक जण जवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन तोच खेळ पुन्हा खेळत. आता स्वतःच्या पात्राने, स्वतःच्या सोबत्यांबरोबर. तेच राक्षस आणि तेच सोने. फरक मुकादम नसण्याचा होता.

मुलाला आम्ही एकदा सरळ विचारले, "एक दिवस गेला नाहीस तर काय होईल?" म्हणाला, "कामावर नाही गेलो तर माझ्या खुर्चीत दुसरा बसतो. इथं विचारतात, कुठं होतास." नॉर्वेतल्या मॅट्स स्टेन या तरुणाची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. स्नायूंच्या असाध्य रोगाने खिळलेला हा मुलगा २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी वारला. आईबापांना वाटे, पोर एकाकी गेले. त्यांनी निधनाची बातमी त्याच्या ओळखीच्यांना कळवली, तेव्हा याच खेळातल्या त्याच्या गिल्डमधून पत्रांमागून पत्रे आली आणि अंत्यविधीला माणसे परदेशांतून आली. त्याच्यावर २०२४ साली एक अनुबोधपट निघाला. गिरणगावात हे काम चाळीतली तालीम, भजनी मंडळ, गावकऱ्यांची खोली नि कबड्डीचा संघ करीत असत. त्या जागा गेल्या. आणि त्या जागी आम्ही दुसरे काही उभे केले नाही, आम्ही फक्त सभा घेतल्या.

म्हणून या जगाची आरती ओवाळावी असे नाही. वर्गणी थांबली की दार बंद. दहा वर्षे घडवलेले पात्र, चिलखत, सोने, सारे कायद्याने कंपनीचे. या मुलाची झोप पाच तासांवर आली होती, आणि ते आम्ही त्याला बोललो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचा ताबा सुटण्याला विकारांच्या यादीत घातले आहे. ती यादी २०२२ पासून अंमलात आली. त्यातही निदानासाठी सर्वसाधारणपणे वर्षभराचा काळ आणि घर, शिक्षण, नोकरी यांची स्पष्ट हानी पाहावी असे म्हटले आहे. रोज खेळणारा प्रत्येक जण रोगी नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुटीची मागणी १८८४ साली केली, ती १८९० साली मिळाली. त्या रविवारी कामगाराने काय करावे हे त्यांनी मागणीपत्रकात लिहिले नव्हते.

आणखी एक पाळी या खेळामागे आहे, ती खेळणाराला दिसत नाही. खेळ तयार करणारांची. २००४ च्या नोव्हेंबरमध्येच, अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या गेम कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या भावी पत्नीने उघड पत्र लिहिले: सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, सरासरी पंचाऐंशी तासांचा आठवडा, आणि ओव्हरटाइम नाही. त्या कंपनीविरुद्ध दावे झाले. चित्रकारांच्या दाव्यात १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रामरांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलरवर तडजोड झाली. तरी या धंद्यात युनियन उभी राहावयास पुष्कळ वर्षे गेली. आम्ही खेळाच्या वेडाने या धंद्यात आलो, मग तास कसले मोजता, असे तेथील पुष्कळ तरुणांना वाटे. वेडाला पगार कमी पडतो, हे मालकांना आधी कळले होते. २०२२ च्या मे महिन्यात रेव्हन सॉफ्टवेअर येथील खेळ तपासणाऱ्या कामगारांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. आणि २०२४ च्या जुलैमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' करणारे पाचशेहून अधिक कर्मचारी संघटित झाले. संघटनेला नाव त्यांनी 'गेममेकर्स गिल्ड' असे दिले.

ही बातमी आम्हांला त्या मुलानेच आणून दाखवली. त्याच बैठकीत त्याने दोन सूचना मांडल्या. पहिली, सभेची हजेरी लिहावी आणि ती भिंतीवर लावावी, कार्यकारिणीचीही. ती मंजूर झाली. पहिल्या महिन्यात आमचेच दोन खाडे निघाले. दुसरी, सभा बुधवारऐवजी मंगळवारी घ्यावी, कारण बुधवारी रेड असते. तिच्यावर पाऊण तास वाद झाला. हल्ली आम्ही मंगळवारी नऊला बसतो आणि साडेदहाला उठतो.